मागाचा आवाज वजा करून

मालूताई, आज अकरावा दिवस आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलोच आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझ्या फोटोसमोर बसलेली माणसं माझ्याकडे बघून म्हणतात, शेठना किती लागलंय बघा, तोंडातून शब्द फुटत नाही. त्यांना तसं वाटू दे. तुला खरं माहीत आहे. माझा शब्द फुटत नाही तो रागामुळे. निदान निम्मा तरी रागामुळे.

माझ्याच कामाच्या ग्रुपमधून तू मला काढलंस. साड्या माझ्या, साचे माझे, टिकल्या माझ्या आणि मीच बाहेर. सात महिने. तो ग्रुप माझ्या फोनवर तसाच दिसत राहिला. त्यात मी असेपर्यंतची बोलणी होती, फोटो होते आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, की तुम्हाला काढलं. कोणी काढलं तेही लिहिलेलं. परत घेईन म्हणालीस आणि न घेताच गेलीस. सौद्यात असं करत नाहीत, ताई. बोलणी चालू असताना उठून जात नाहीत.

आज भेस्तानमध्ये लाईट नाही. तारांचं काही काम काढलंय म्हणे, दुपारभर चालेल. माझ्या गाळ्याखालच्या विणकामाच्या खात्यातले माग थांबलेत. तुला माहीत आहे कसं होतं ते. माग थांबले तरी पहिली दहा मिनिटं त्यांचा खडखडाट कानात चालूच राहतो. मग तो ओसरतो, पाणी ओसरावं तसा, आणि त्याच्या तळाशी काय काय सापडायला लागतं. कुठल्यातरी घरातली कुकरची शिट्टी. पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कापडाची फडफड. जिन्यावर कोणाचं तरी पाऊल. त्या पावलाला मी मान वर करतो. तू जिन्याखाली चपला काढून अनवाणी चढायचीस, म्हणून तुझं पाऊल कधी ऐकूच यायचं नाही. तरी मान वर होते.

तू कधी मोठ्यानं बोलली नाहीस. बमरोलीच्या चाळीत आपली दारं समोरासमोर होती. माझे वडील माग चालवायचे, तुझे मालकही त्याच खात्यात. धुळ्याकडून आलेली ती सगळी माणसं बारा बारा तास मागांच्या मध्ये उभी राहायची आणि घरी येऊनसुद्धा तशीच बोलायची. जेवताना मीठ मागायचं तरी ओरडून. मी त्या आवाजात वाढलो. मला तो कधी रागाचा आवाज वाटलाच नाही, तो बोलण्याचाच आवाज होता. तू त्याच खात्यात सुताच्या कांड्या भरायचीस, पण तू उलटं शिकलीस. मागांच्या गदारोळात तू नुसते ओठ हलवायचीस आणि समोरची बाई ते वाचायची. घरी आलीस की त्याच ओठांना चिमूटभर आवाज जोडायचीस. म्हणून तुझं ऐकायचं तर माणसाला हातातलं काम थांबवावं लागायचं. मी कोणासाठी थांबत नाही. तुझ्यासाठी थांबायचो, आणि त्याचाही मला राग यायचा.

मी सायकलला पहिलं पोटलं, साड्यांचं गाठोडं, बांधून आणलं, त्याचं पहिलं दार तुझं. पदरावर टिकल्या लावायच्या साड्या होत्या.

"चार दिवसांत पाहिजे," मी म्हणालो.

"आठ."

"ताई, व्यापारी काय माझी वाट बघत बसणार आहे?"

"बसला असेल तर त्यालाच लाव म्हणावं दोन टिकल्या."

सहा ठरले. पुढची सगळी वर्षं सहाच ठरत आले. पण तू एकदाही सरळ सहा म्हणाली नाहीस, मीही नाही. तुझी भारती एकदा वैतागून म्हणाली, "मामा, तुम्ही दोघं सहापासूनच सुरू का करत नाही?" आपण दोघांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं चहात मीठ घाल म्हणून सांगितलं होतं. आपली तीच तर भेट होती. मी चारवर बसायचो, तू आठवर बसायचीस आणि मधल्या रस्त्यात गावाकडच्या खबरी, भारतीची शाळा, माझ्या वडिलांचे कान, सगळं येऊन जायचं.

मग काम वाढलं. बमरोलीत बायका झाल्या, भेस्तानला झाल्या, पार सचिन गावात झाल्या. चाळीसेक घरं. मी स्कूटर घेतली आणि रोज दारोदार फिरायचो. माझं म्हणणं साधं होतं, मी दारात उभा राहिलो की काम होतं. नाही उभा राहिलो की नाही होत. मग लॉकडाऊन लागला आणि माझी स्कूटर दोन महिने जिन्याखाली उभी राहिली.

मग बंदी जरा सैल होऊन माग चालू झाले, तेव्हा तू फोन केलास. "फोनवर करू."

मी हसलो. म्हणालो, चाळीस बायका, निम्म्यांना अक्षर लावायला वेळ लागतो, कोणाचा फोन नवऱ्याच्या खिशात, कोणाचा पोराच्या शाळेत अडकलेला. टिकल्या काय फोनमधून चिकटणार आहेत? तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तू फक्त पोटली घरोघरी पोचवायचं बघ. बाकी मी बघते."

पहिला आठवडा तू कामाचं काहीच सांगितलं नाहीस. मी जळत होतो. तू त्यांना एवढंच सांगितलंस, रोज सकाळी आपापल्या हाताचा फोटो टाका. नाव लिहायचं नाही. बोलायचंही नाही. नुसता हात. मला वाटलं, ही बाई खेळ मांडून बसली आहे. ग्रुपवर सकाळी हात उगवायला लागले. हिरव्या बांगड्यांचा हात, तुळस गोंदलेला हात, अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग असलेला, पिठाचा, मेंदी उतरत आलेला, एका बाईचा तर बाळाच्या हातासकट. आठवड्यानं तू म्हणालीस, आता हाताशेजारी केलेल्या कामाचा कोपरा ठेवा. एवढंच. कोण वाचू शकतं आणि कोण नाही, हा प्रश्नच त्या ग्रुपमध्ये कधी आला नाही. कोणाला कमीपणा आला नाही. ही अक्कल मला नसती आली, ताई. हे मी तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आत्ता सांगतो.

तू शिकवायचीसही वेगळी. 'समजलं का' असं विचारू द्यायची नाहीस. म्हणायचीस, समजलं का विचारलं की सगळ्या हो म्हणतात, त्यापेक्षा करून दाखव म्हण. आवाज बंद करायच्या बटणाला तू 'पदर' नाव दिलंस. "चला, पदर घ्या गं," म्हटलं की एकेक आवाज बंद व्हायचा. एकीची चूक दुसरीसमोर काढायची नाही, हा तुझा नियम. मी एकदा म्हणालो, "चूक लपवून धंदा होतो का?" तू म्हणालीस, "लपवत नाही. झाकते."

आणि ती दुपार मला आजही स्वप्नासारखी आठवते. भारतीच्या लहानपणच्या पाळण्याची कडी अजून तुमच्या छताला आहे ना, तिला तू दोरीनं फोन टांगला होतास, तोंड खाली करून. खाली जमिनीवर मोरपंखी साडीचा पदर पसरलेला. मी तुझ्या दारात उभा होतो, तोंडावर रुमाल बांधून, आणि भारतीच्या फोनमध्ये बघत होतो. पडद्यावर लहान लहान चौकोन. प्रत्येक चौकोनात वरून दिसणारी एकेक जमीन. कुठे शहाबादी, कुठे चटई, कुठे जुनी गोधडी, आणि त्यावर दोन हात. चेहरा कोणाचाच नाही. सगळ्यांनी पदर घेतलेला, म्हणून आवाजही नाही. बऱ्याच घरांत रात्रपाळीचा माणूस त्याच खोलीत झोपलेला असायचा, हे तू मला नंतर सांगितलंस. तू एक टिकली उचललीस, टेकवलीस, बोटानं दाबलीस. आणि त्या सगळ्या चौकोनांत, जरा मागेपुढे, तसेच हात उचलले गेले, टेकले, दाबले गेले. वाऱ्याची झुळूक शेतावरून जावी, तसं ते हलणं एका चौकोनातून दुसऱ्यात गेलं. बमरोलीतून सचिनपर्यंत. कोणी तरी शिवून काढलेली गोधडी जिवंत झालेली मी बघतोय, असं मला वाटलं. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. भारती म्हणाली, "मामा, हात अवघडला माझा."

घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याशी भांडलो. आठवतं? कशावरून ते आठवत नाही. मला वाटतं, एवढं सुंदर काही माझ्या धंद्यात माझ्याशिवाय होतंय, याच्यावरूनच.

लॉकडाऊन उठला तरी तू जुनी पद्धत परत येऊ दिली नाहीस. स्कूटरवरून मी फक्त पोटली टाकायचो. सहा दिवस ठरलेले, सहाव्या दिवशी कोपरे दिसायचे. मला दारात उभं राहायचं कामच उरलं नाही. लोक म्हणायचे, शेठ, किती सुखी झालात. सुखी कसला. मी मुकाट झालो होतो.

म्हणून तो व्हिडिओ मी काढला. तू चार दिवस गावाकडे लग्नाला गेली होतीस. लग्नसराईचं काम आलं होतं, पदरावर टिकल्यांच्या कैऱ्या, म्हणजे कोयऱ्या. पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा आणि त्याच्या कडेनं टिकल्या चिकटवायच्या. कैरीचं टोक डावीकडे. तू म्हणाली होतीस, नमुना पाठव आणि मी येईपर्यंत थांब. मी कशाला थांबू? फोन टेबलावर उभा केला, पुढचा कॅमेरा लावला, म्हणजे माझा चेहराही दिसेल. खरं सांगतो, तेवढ्यासाठीच लावला. बायकांना कळू दे मालक कोण आहे ते. आणि ग्रुपवर टाकला.

बमरोलीच्या संगीतानं विचारलं. एकटीनंच. तिचा आवाज नेहमीचाच, दबका. "शेठ, नमुन्याच्या साडीत टोक डावीकडे आहे आणि तुमच्या व्हिडिओत उजवीकडे दिसतं. कोणतं धरू?"

खाली माग चालू होते. मी फोन तोंडाशी धरून म्हणालो, "व्हिडिओत आहे तसंच करायचं. डोकं चालवू नको." तिनं तसंच केलं. सगळ्यांनी केलं. माल बाजारात गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. सगळ्या कैऱ्या उलट्या. व्यापारी मला चार माणसांत बोलला. मी गाळ्यावर आलो तेव्हा समोर पहिलं पोटलं संगीताचं होतं. मी ग्रुपवर दुसरा निरोप टाकला, तिचं नाव घेऊन. काय बोललो ते इथं लिहीत नाही. तू ऐकलंस, चाळीस घरांनी ऐकलं, तेवढं पुरे.

तू गावाहून आलीस ती आधी संगीताकडे गेलीस आणि मग माझा जिना चढलीस. माग चालू होते. तू नुसती समोर बसलीस. मी ओरडून सगळं सांगत होतो. तू उठून मला हातानं खूण केलीस आणि गच्चीवर घेऊन गेलीस, पाण्याच्या टाकीमागे, जिथे आवाज जरा कमी येतो.

म्हणालीस, "तिचे हात गोंदात होते. म्हणून तिनं फोन मोठ्यानं लावला. नवरा रात्रपाळी करून झोपला होता. सासू भाजी निवडत होती. शेजारीण दारात होती. आणि त्या खोलीत तू आलास."

"मी कशाला जाईन तिच्या खोलीत? मी इथं होतो."

तेव्हा तू आपल्या घरच्या बोलीत म्हणालीस, "हाई त्यासनं घर शे, भाऊ. कारखाना नही." त्यांचं घर आहे, कारखाना नाही. मग म्हणालीस, "तू मागाच्या आवाजावर ओरडत होतास. पण माग इथं आहे. तिकडे नुसतं ओरडणंच पोचलं."

मी म्हणालो, काम बिघडलं ते बिघडलंच ना. तू विचारलंस, "व्हिडिओ कोणी काढला?"

"मी."

"त्यात तुझ्यामागे कॅलेंडर आहे. त्यावरचे आकडे बघ."

मी नाही बघितले. तू गेल्यावर बघितले. सगळे उलटे होते, आरशात दिसावेत तसे. तो मेला पुढचा कॅमेरा डाव्याचं उजवं करतो. मी तो व्हिडिओ माझ्या फोनमधून पुसला आणि कोणाला काही बोललो नाही. संध्याकाळी ग्रुप उघडला तर तू मला काढलेलं होतंस.

आणि मग आपला शेवटचा सौदा सुरू झाला.

संगीताच्या सासूनं तिचा फोन पेटीत ठेवला होता. म्हणाली, ज्या कामापायी परका माणूस घरात येऊन सुनेला बोलतो, ते काम नको. तुझी अट एकच. ग्रुपवर, सगळ्यांसमोर, माझ्या आवाजात माफी. आणि धीरे.

मी माझी किंमत सांगितली. "माझ्या वतीनं तू सांग." नाही म्हणालीस. "मी तिला दोन साड्या पाठवतो." नाही. "भारतीकडून लिहून घेतो, चूक झाली म्हणून." नाही. महिनाभरानं मी आणखी उतरलो. "बरं, माझ्या आवाजात. पण तिला एकटीला."

"ओरडलास तेव्हा ती एकटी होती का?"

"ताई, मी शेठ आहे. चाळीस बायकांसमोर खाली बघितलं तर उद्या कोण ऐकेल माझं?"

"आज तरी कोण ऐकतंय? फोन कानापासून लांब धरतात."

मला वाटलं होतं, तू उतरशील. नेहमी उतरतेस. मी चारवरून पाचवर आलो होतो, साडेपाचवर आलो होतो. तू सातवर ये, मी सहावर येतो, असं मी मनात धरून बसलो होतो. तू आठवरून हललीच नाहीस. मी जे काही ओरडायचो ते तू ऐकून घ्यायचीस आणि घरी जाऊन तुझ्या त्या चिमूटभर आवाजात ग्रुपवर सांगायचीस. काम बिनबोभाट होत होतं. मधल्या काळात संगीताचा फोन पेटीतून बाहेर आला, हेही तूच सांगितलंस. पण ती काम घेत नव्हती. तिची जागा तू रिकामीच ठेवलीस, दुसरीला दिली नाहीस. त्याच्यावरूनही मी भांडलो.

शेवटची आलीस तेव्हा जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबलीस. भिंतीला हात लावून. मी वरून म्हणालो, "एवढं चढून कशाला यायचं? फोन करायचा."

"फोनवर तू ओरडतोस," म्हणालीस आणि हसलीस. चहा घेतलास. निघताना म्हणालीस, "विचार कर." मी म्हणालो, "तू विचार कर." हेच आपलं शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांची समोरासमोरची दारं आणि शेवटी हे. तू तेव्हा पायरीवर का थांबली होतीस, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, तू मला वाट बघायला लावते आहेस.

तू गेल्यावर तुझ्या घरी बायका आल्या त्या दिवशी मी दाराबाहेर खुर्चीवर होतो. मी त्या सगळ्यांना ओळखतो, सगळ्यांच्या दारात उभा राहिलोय. पण त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. सचिनची बमरोलीला कधी आलीच नव्हती. आधी नुसत्या बसून राहिल्या. मग एकीनं दुसरीचा हात बघितला.

"तुम्ही भेस्तानच्या ना? तुळस गोंदलेल्या?"

"हो. आणि तुम्ही त्या भाजल्याच्या डागाच्या."

"पुरी तळताना. मागच्या दिवाळीला."

"माहीत आहे. तेव्हा चार दिवस तुमचा डावा हात येत होता."

असं पसरत गेलं. रडता रडता बायका एकमेकींच्या बांगड्या चाचपत होत्या, हात उलटेपालटे करून बघत होत्या. जालन्याकडची एक म्हातारी म्हणाली, "मला वाटलं ही पोरगी उंच असंल. हात मोठा दिसायचा." दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या आणि पुन्हा रडल्या. ती गोधडी आली होती, ताई, तुझ्या खोलीत, चौकोनाचौकोनांनी. फक्त मधला चौकोन नव्हता. संगीताही आली होती, सासूबरोबर. उंबऱ्याजवळ बसली होती. ती माझ्या पुढून जाताना मला जागा करून द्यावी लागली. मी पाय मागे घेतले.

काल भारती गाळ्यावर आली. तुझा फोन तिच्या हातात होता. "मामा, ग्रुप आईच्याच हातात होता. आता माझ्याकडे आला. तुम्हाला घेऊ?"

मी सवयीनं विचारलं, "अट काय आहे?"

ती दमलेली दिसत होती. तुझ्यासारखी बारीक झाली आहे. "आईची काय होती ती तुम्हाला माहीत. माझी काही नाही. मी घेते, पुढचं तुम्ही बघा." आणि बोट टेकवलं. माझ्या खिशात फोन थरथरला.

एवढंच. सात महिने ज्याच्यासाठी मी घासाघीस केली, ते त्या पोरीनं असं फुकट देऊन टाकलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी जाऊन जेवलो नाही. समोर कोणी नसलं की सौदा होत नाही, ताई. मी चार म्हणू कोणाला?

आज दुपारी गाळ्यात डोळा लागला. स्वप्नात तोच पडदा होता, चौकोनांचा, आणि मी त्यात माझा चौकोन शोधत होतो. एका चौकोनात तुझे हात होते, टिकली उचललेले, टेकवायच्या आधी थांबलेले. बाकीचे सगळे हातही तसेच थांबलेले. तू माझी वाट बघत नव्हतीस. नुसती थांबली होतीस. जाग आली ती शांततेनं. माग बंद पडले होते, लाईट गेली होती.

मी फोन घेतला. बटण दाबून धरलं आणि बोललो. मग पाठवायच्या आधी ऐकलं. ताई, मी ओरडत होतो. एवढ्या शांततेत, रिकाम्या गाळ्यात, जे माग चालूच नव्हते त्यांच्यावर मी ओरडत होतो. पुसून टाकलं. पुन्हा बोललो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी बटण दाबलं नाही. तू करायचीस तसे नुसते ओठ हलवले. संगीताबाई, व्हिडिओ मी काढला होता. एकदा, दोनदा, पाचदा. ओठांना ते शब्द अनोळखी होते, सरावले. मग बटण दाबलं आणि त्याच ओठांना चिमूटभर आवाज जोडला.

"संगीताबाई, व्हिडिओ मी काढला होता. पुढच्या कॅमेऱ्यानं काढला, म्हणून उलटा आला. तुम्ही बरोबर विचारलं होतं. मी ओरडलो. तुमच्या घरात ओरडलो. चुकलं माझं."

पाठवलं. चाळीस घरांत गेलं. मला माझाच आवाज ओळखू आला नाही. वडिलांचे कान जायच्या आधी ते कधी असे बोलत असतील का, असं उगाच वाटून गेलं.

ऐकल्याच्या खुणा उमटत गेल्या, एकामागून एक. मी बसून राहिलो. कुकरची शिट्टी झाली. कापड फडफडलं. मग लाईट आली आणि खालून पहिला माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे, आणि मला काही ऐकू येईना. म्हणून मी फोनकडे बघत राहिलो.

फोटो आला. शहाबादी जमीन. तिच्यावर एक हात, हिरव्या बांगड्यांचा, तर्जनीवर वाळलेल्या गोंदाचा जुना पापुद्रा राहून गेलेला असावा तशी खडबडीत कातडी. शेजारी साडी नाही, काम नाही. रिकामा कोपरा. आणि त्या हाताला लागूनच दुसरा, सुरकुतलेला, मनगटावर पुसट निळं गोंदण असलेला. तो हात ग्रुपमध्ये याआधी कोणी बघितला नव्हता. मी बघितलाय. त्या दारात उभा राहिलोय मी, तोच हात दार लोटून घेताना बघितलाय. संगीताच्या सासूचा.

मी माझा हात टेबलावर ठेवला, फोटो काढला आणि टाकला. हजेरी.

उद्या संगीताकडे पोटलं जाईल. कैऱ्यांचंच आहे. मी स्कूटर दारापर्यंत नेणार नाही, गल्लीच्या तोंडाशी थांबेन. ती दिवस सांगेल. सांगू दे.

राग निम्मा उरलाय. तो मी ठेवून घेतो, तो माझा आहे. तू पायरीवर का थांबली होतीस ते मला सांगायला हवं होतंस, त्याच्यावर मी पुढची कैक वर्षं भांडणार आहे. पण त्या माफीच्या सौद्यात, ताई, तू आठ म्हणाली होतीस. आठ.